मूळ फाइलमधला कप

स्टुडिओत त्यांना तोंडावर सगळे ‘सर’ म्हणत आणि त्यांची पाठ वळली की ‘मूळपुरुष’. याला कारण तेच. कुणी कसलीही अडचण घेऊन गेलं तरी सर चष्मा कपाळावर ढकलत आणि पहिला प्रश्न एकच विचारत, “मूळ फाइल कुठाय?” नळ गळतोय हे सांगायला गेलेल्या झाडूवाल्या बाईंनाही त्यांनी एकदा हेच विचारलं होतं, असं लॅमिनेशनवाले दादा शपथेवर सांगत. दादांच्या शपथा फारशा मनावर घ्यायच्या नसतात, पण ही खरी असावी.

सरांनीही आपल्या परीनं फिट्टंफाट केली होती. स्टुडिओत सगळ्यात भरभर काम करणारी आणि म्हणूनच सगळ्यात जास्त चुका करणारी जी मुलगी होती, तिचं नाव त्यांनी ‘घाईबाई’ ठेवलं होतं. ही गोष्ट तिची. मुलगी म्हणायचं आपलं. आता ती चाळिशीला टेकली होती, सर निवृत्त होऊन दोन वर्षं झाली होती आणि सायकलच्या दुकानावरच्या त्या दोन खोल्यांचा कारभार तीच बघत होती. नाव मात्र चिकटलं ते चिकटलं.

दवाखान्यांचे फॉर्म, भिंतीवरच्या पाट्या, औषधाच्या पुड्यांवरची चित्रं असली कामं स्टुडिओकडे येत. पण सरांचा जीव होता तो एकाच कामात, बोलक्या कार्डांत. मेंदूला झटका बसून ज्यांची वाचा जाते, त्यांच्यासाठी हा चित्रांचा संच होता. कार्डावर चित्र आणि खाली शब्द. तहान लागली, चहा दे, नको, खिडकी उघड, दुखतंय. बोट ठेवायचं, समोरच्याला कळतं. सरांच्या वेळी अशी एकशेबारा कार्डं झाली होती आणि गावोगावच्या उपचार केंद्रांत ती वापरात होती.

ही कार्डं बनवायची सरांची पद्धत ठरलेली. कप काढायचा तो एकदाच, त्याच्या स्वतंत्र फाइलमध्ये. ती फाइल ‘घटक’ नावाच्या फोल्डरमध्ये ठेवायची. मग चहाचं कार्ड असो, पाण्याचं असो की सांडल्याचं, प्रत्येकात तो कप नुसता जोडायचा, चिकटवायचा नाही. मूळ कपाचा कान बदलला की एकोणीस कार्डांतल्या कपांचा कान बदलला पाहिजे. खुर्ची, पलंग, चष्मा, खिडकी, हात, बाईचा चेहरा, सगळ्यांचं तसंच. “पेशंटचं डोकं आधीच दमलेलं असतं,” सर म्हणत. “त्याला प्रत्येक कार्डावर नवा कप ओळखायला लावू नका. एकच कप सगळीकडे भेटू दे.” कपाटावर त्यांच्या हातची चिठ्ठी होती: ‘घटक फोल्डर हलवू नये. हलवल्यास मी हलवणाऱ्याला हलवीन.’

घाईबाईला या जोडाजोडीचा मनस्वी कंटाळा होता. फोल्डरचं नाव जरा बदललं की लाल प्रश्नचिन्हं उगवत. मूळ चित्राला कुणी हात लावला की प्रत्येक कार्डावर पिवळा त्रिकोण येई आणि ते कार्ड उघडून ताजं करावं लागे. त्यापेक्षा कप उचलला, चिकटवला, काम संपलं! हे तिनं एकदा बोलून दाखवलं तेव्हा सर म्हणाले होते, “जोड तुटली तर निदान प्रश्नचिन्ह येतं. चिकटवलेलं चित्र शिळं झालं तरी तोंड उघडत नाही.”

आणि दोन महिन्यांपूर्वी सरांनाच झटका आला.

उजवा हात गेला, तो थोडाथोडा परत येऊ लागला. चालणं आलं. बोलणं काही आलं नाही. समोरच्याचं सगळं कळे, पण तोंडातून ‘हा’ याशिवाय काही निघत नसे. हो म्हणायचं तरी ‘हा’ आणि नाही म्हणायचं तरी ‘हा’. केंद्रातल्या थेरपिस्ट बाईंनी साहजिकच कार्डांचा संच पुढे केला. सरांनी वरची दोन कार्डं बघितली आणि डाव्या हातानं सगळा गठ्ठा टेबलावरून खाली लोटून दिला. दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशीही तेच.

मंगळवारी सकाळी काकू, म्हणजे सरांच्या पत्नी, जिना चढून स्टुडिओत आल्या. घाईबाईनं खुर्ची दिली, पाणी दिलं. काकूंनी पाणी हातातच धरून ठेवलं.

“सोमवारी घरी सोडतायत त्यांना,” काकू म्हणाल्या. “घरात आम्ही दोघंच. त्यांचं कुठं दुखलंखुपलं तर मला कळणार कसं गं? नुसतं हा म्हणतात आणि मला समजलं नाही की भिंतीकडे तोंड करून बसतात. काल तासभर विचारत होते मी, काय हवं, काय हवं. शेवटी कळलं, पायात मोजा दुमडला होता. एवढंसं ते!”

“आणि कार्डं?”

“हात लावत नाहीत. त्या बाई म्हणतात, काही जणांना चित्रातल्या वस्तू आपल्या वाटतच नाहीत. घरातल्या ओळखीच्या वस्तू दाखवून बघायला हव्यात. गुरुवारी चारला शेवटची बैठक आहे. त्यातही नाही जमलं तर...” काकूंनी वाक्य तिथंच सोडलं. मग हळूच म्हणाल्या, “एकशेबारा चित्रं नव्यानं काढायची म्हणजे वर्ष लागेल, मला कळतं. पण चारपाच तरी?”

घाईबाईच्या डोळ्यांपुढे तो ‘घटक’ फोल्डर आला. वर्षभर लागेल? छे! त्या फोल्डरात फक्त बारा वस्तू होत्या.

“काकू, घरी चला,” ती चपला शोधत म्हणाली. “चारपाच नाही, सगळीच करू.”

दुपारभर तिनं त्यांच्या घरात फोटो काढले. सरांचा चष्मा. त्यांची वेताची खुर्ची, तिच्या डाव्या हातावर गुंडाळलेल्या सुतळीसकट. पलंग, खिडकी, दार, चपला. आणि कप. जाड, तपकिरी, पांढऱ्या काठाचा, कानावर टवका उडालेला. तीस वर्षं तो स्टुडिओत सरांच्या टेबलावर होता आणि त्यात दुसऱ्या कुणी चहा घेतला तर त्याची खैर नसे. शेवटी काकूंना खिडकीपाशी उभं केलं. आनंद, काळजी, झोप, सगळे चेहरे काकूंनी लाजतलाजत केले.

“आता राग,” घाईबाई म्हणाली.

काकूंनी असा काही चेहरा केला की कॅमेरा धरलेली घाईबाईच दोन पावलं मागे सरली.

“चाळीस वर्षांचा सराव आहे,” काकू म्हणाल्या आणि दोन महिन्यांत पहिल्यांदा हसल्या.

बुधवारी सकाळी जुन्या संचाची प्रत बाजूला ठेवून ती कामाला बसली. एकेक फोटो नीट कापून काढला, मागचा पसारा पुसला, रंग सारखे केले आणि जुन्या निळ्या कपाच्या जागी तपकिरी कप, त्याच नावानं, त्याच फोल्डरात. खुर्चीच्या जागी वेताची खुर्ची. चेहऱ्याच्या जागी काकू. दुपारी दोनपर्यंत बाराही वस्तू बदलून झाल्या. आता प्रत्येक कार्ड उघडून ताजं करायचं, की झालं. पहिलं कार्ड उघडलं, पिवळा त्रिकोण आला, ‘ताजं कर’ म्हटलं आणि निळा कप जाऊन सरांचा कप आला. टवक्यासकट! घाईबाईनं दादांना हाका मारून बोलावलं आणि दोघांनी मिळून तो कप बघितला.

आणि तिथंच तिला एक जुनी गोष्ट आठवली.

सहा वर्षांपूर्वी संचात चौतीस कार्डांची भर पडली होती आणि ती सगळी तिनं केली होती. तेव्हा तिचं मशीन इतकं हळू होतं की जोडलेली फाइल उघडेपर्यंत चहा पिऊन व्हायचा. मुदत जवळ आली, तिच्या नाकी नऊ आले, आणि तिनं सगळे कप, सगळे चेहरे, सगळ्या खुर्च्या सरळ उचलून चिकटवून टाकल्या. सरांनी विचारलं, “सगळं जोडलंयस ना?” ती त्यांच्याकडे न बघता म्हणाली होती, “हो सर, सगळं.” खोटं पचलं. नंतर ती विसरूनही गेली होती.

आता तिनं ती चौतीस कार्डं मनाशी मोजली. दुखतंय, कुठं दुखतंय, औषध, भीती वाटते. नेमकी तीच, ज्यांच्यासाठी काकू जिना चढून आल्या होत्या. उद्या चारच्या आत ती सगळी नव्यानं उभी करायची? तिनं कपाळावर हात मारून घेतला. मग मनाचा हिय्या करून त्यातलं पहिलं कार्ड उघडलं, ‘दुखतंय’चं. पलंगावर बसलेली बाई, शेजारी कप.

कोपऱ्यात पिवळा त्रिकोण आला.

तिला आधी वाटलं, चुकून दुसरंच कार्ड उघडलं. ‘ताजं कर’ म्हटलं. काकू आल्या, पलंग आला, कप आला. दुसरं उघडलं. पिवळा त्रिकोण. तिसरं, चौथं, दहावं, सगळ्यांवर पिवळा त्रिकोण. चौतीसच्या चौतीस कार्डं जोडलेली होती, आणि ती तिनं जोडलेली नव्हती हे तिच्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं.

तिनं फाइलची माहिती उघडली. आजच्या आधीचा बदल, सहा वर्षांपूर्वीचा. वार रविवार. पुढची फाइल, तोच रविवार. सतरा फाइली एका रविवारी, सतरा त्याच्या पुढच्या. बदल करणाऱ्याच्या रकान्यात सरांच्या मशीनचं नाव होतं.

म्हणजे त्यांना कळलं होतं, तेव्हाच कळलं होतं. आणि दोन रविवार या खोलीत एकटे बसून त्यांनी तिचे चिकटवलेले कप एकेक करून काढले होते, मूळ कप जोडले होते, आणि सोमवारी येऊन ब्रही काढला नव्हता.

नाही, काढला होता. आता तिला आठवलं. त्याच सुमाराला एका सकाळी सर तिच्या टेबलापाशी येऊन म्हणाले होते, “घाईबाई, तुझं मशीन हळू चालतं का गं?” ती म्हणाली, “फार हळू, सर.” दुसऱ्या दिवशी तिच्या टेबलावर सरांचं मशीन होतं, नवंकोरं, स्टुडिओतलं सगळ्यात वेगवान. आणि तिचा तो रडतखडत चालणारा डबा सरांच्या टेबलावर. वर त्यांनी कारणही दिलं होतं की त्या मशीनचा उजेड माझ्या डोळ्यांना टोचतो. ती मूर्खासारखी खूश झाली होती. निवृत्त होईपर्यंत चार वर्षं सर त्या डब्यावर काम करत राहिले, आणि फाइल उघडेपर्यंत चहा पीत राहिले. ते फार चहा पितात म्हणून सगळ्यांनी मिळून त्यांची थट्टा केली होती, तिनं तर सगळ्यात जास्त.

“काय झालं?” दादांनी विचारलं. “मशीन बंद पडलं?”

“नाही दादा,” ती डोळे पुसत म्हणाली. “मशीन चांगलं आहे. फार चांगलं आहे.”

तिला रडू येत होतं आणि बरंही वाटत होतं. तिला कुणी तरी इतकी वर्षं पाठीशी घातलं होतं आणि तिला त्याचा पत्ताही नव्हता. तिनं ठरवलं, उद्या सरांना हे सांगायचं. त्यांना उत्तर देता येणार नाही, पण ऐकू तर येतं.

पुढचं काम झपाट्यानं झालं. गुरुवारी दुपारी कार्डं छापून, कापून, लॅमिनेट होऊन टेबलावर आली. दादा मोजत होते.

“एकशेतेरा? संच एकशेबाराचा ना?”

“मागच्या वर्षी एक वाढलं,” पिशवी भरताभरता ती म्हणाली. “चला, साडेतीन वाजले.”

केंद्रातली ती खोली लहान होती. एक टेबल, चार खुर्च्या, भिंतीला टेकवून ठेवलेली चालायची काठी. सर खिडकीकडे तोंड करून बसले होते. त्यांचे केस कुणी तरी चुकीच्या बाजूला भांग पाडून विंचरले होते. घाईबाईला बघून ते म्हणाले, “हा.” त्यात ओळख होती की वैताग, हे तिला कळलं नाही.

थेरपिस्ट बाईंनी पहिलं कार्ड टेबलावर ठेवलं. चहाचं. काकूंनी साडीचा पदर मुठीत धरला होता. सरांचा डावा हात उठला आणि घाईबाईला वाटलं, आता हा हात कार्ड खाली लोटणार. हात कार्डावर आला. अंगठा कपाच्या कानावरून फिरला आणि टवक्यापाशी थांबला. त्यांनी काकूंकडे बघितलं. मग पुन्हा कार्डाकडे.

“हा,” ते म्हणाले, आणि हात पुढे केला. आणखी द्या.

बाईंनी दहा दिली, वीस दिली, मग सगळा गठ्ठाच त्यांच्या पुढ्यात ठेवला. सर एकेक कार्ड उचलून डोळ्यांजवळ नेत आणि टेबलावर मांडत. ओळीत, कडेला कड लावून, जसे छापायला जाण्याआधीचे नमुने मांडत तसे. खुर्चीवरच्या सुतळीपाशी ते थांबले. काकूंच्या रागाच्या कार्डापाशी बराच वेळ थांबले आणि त्यांच्या तोंडाची डावी बाजू हलली. काकू म्हणाल्या, “हसतायत. बघ गं, हसतायत!”

“प्रश्न विचारून बघू का आता?” घाईबाईनं हळूच विचारलं.

“थांबा,” बाई म्हणाल्या. “त्यांना त्यांचं करू द्या.”

सर तपासत होते. पाचसहा ओळी मांडून झाल्या आणि एक कार्ड हातात घेऊन ते अडले. जवळ धरलं, लांब धरलं. चष्मा कपाळावर ढकलला. मग ते कार्ड ओळीत न ठेवता त्यांनी सरळ घाईबाईच्या पुढ्यात आणून ठेवलं आणि त्यावर नखानं दोनदा टकटक केलं.

ते कार्ड होतं ‘गार झालंय’चं. आणि त्यावरचा कप निळा होता.

तिच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. एकशेतेरावं कार्ड! मागच्या वर्षी केंद्रानं मागितलं म्हणून जेवणाच्या सुट्टीत दहा मिनिटांत केलेलं. कप उचलला, चिकटवला, काम संपलं. तेव्हा सर निवृत्त झालेले होते. त्या कार्डासाठी रविवारी येऊन बसायला कुणी नव्हतं. त्यावर त्रिकोण उगवला नाही, प्रश्नचिन्ह उगवलं नाही, आणि काल चौतीस कार्डांच्या नादात तिनं त्याच्याकडे ढुंकूनही बघितलं नाही.

“चुकलं, सर,” ती म्हणाली. “हे चिकटवलेलं आहे.”

सरांनी मान हलवली. त्यांची नजर मांडलेल्या ओळींवरून फिरू लागली. दुसरी ओळ, तिसरी ओळ. हात मधेच थांबला, परत मागे आला, एका कार्डावर पडला. ते त्यांनी ओळीतून ओढून काढलं आणि निळ्या कपाच्या कार्डाशेजारी, कडेला कड लावून ठेवलं. गोल फिरणारा बाण आणि खाली शब्द: ‘पुन्हा’.

थेरपिस्ट बाई एकदम ताठ बसल्या.

“दोन कार्डं,” त्या म्हणाल्या. “दोन कार्डं जोडली त्यांनी. हे वाक्य आहे. कळतंय का तुम्हाला? वाक्य बोलले ते!”

काकूंनी पदर डोळ्यांना लावला. “मला कळेल,” त्या म्हणत होत्या, “आता मला कळेल.” आणि घाईबाई त्या दोन कार्डांकडे बघत राहिली. ‘हे पुन्हा कर’, हे वाक्य तिनं पंधरा वर्षांत हजार वेळा ऐकलं होतं. तेव्हा प्रत्येक वेळी ती मनातल्या मनात चरफडली होती, जिन्यात जाऊन दादांपाशी कुरकुरली होती. आज तिला वाटलं, सरांनी ते आणखी हजार वेळा म्हणावं.

“सर,” ती म्हणाली, “मला तुम्हाला सांगायचंय. ती चौतीस कार्डं. मी खोटं बोलले होते. तुम्ही दोन रविवार बसलात, मला काल कळलं. आणि ते मशीनसुद्धा. मी तुमचे आभार कसे मानू, मला...”

सरांनी तिच्याकडे नीट बघितलं. त्यांना कळलं होतं, हे त्यांच्या डोळ्यांत दिसलं. मग त्यांनी डावा हात उचलून तिचं सगळं बोलणं माशी हाकलावी तसं बाजूला सारलं, आणि निळ्या कपावर परत टकटक केलं. या वेळी जरा जोरात.

“करते, सर,” घाईबाई म्हणाली. तिनं ते कार्ड पिशवीत टाकलं आणि उठली. “आत्ताच करून आणते. जोडून.”